खारबांध, मिठागर आणि पुळण : एका वाटेचा इतिहास

हातातली कामं चालू ठेवा, भाजी निवडत असाल तर निवडत राहा. आज आपण वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याच्या एका वाटेबद्दल बोलणार आहोत. ही वाट आधी खाडीकाठच्या खारबांधावरून जाते, मग मिठागरांच्या कडेने जाते आणि शेवटी वेळागरच्या पुळणीवर, समुद्राला जाऊन मिळते. आमच्या गटांच्या बायका हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन ही फेरी करतात. सहा वर्षांचं पोर चालू शकतं आणि साठी ओलांडलेली सासूबाईही चालू शकते. चढ नाही, दरी नाही, दोरखंड नको. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं.

आता तुम्ही म्हणाल, चिखल, मीठ आणि वाळू यांत बघायचं काय? गडकिल्ले बघायला लोक जातात, तिथे इतिहास असतो. खाजणात काय आहे? आम्हालाही हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. सरकारी कागदावरही अशा जागेपुढे बहुतेक वेळा पोटखराब नाहीतर पडीक असंच लिहिलेलं असतं. एकदा जागा पडीक ठरली की तिथे भराव टाकायला किंवा ती सपाट करायला कोणाला काही वाटत नाही. म्हणून या जागेचा इतिहास आपल्याला माहीत हवा. या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यात कोणाचे तरी कष्ट आहेत, आणि त्यातले निम्मे बायकांचे आहेत.

पहिला टप्पा खारबांधाचा. खाडीला भरती आली की खारं पाणी आत घुसतं. ते अडवायला आपल्या वाडवडिलांनी माती, दगड आणि पेंढा घालून बांध घातले. बांधाच्या आत गोडं पाणी आणि भात, बाहेर खारं पाणी आणि कांदळवन. बांधात जागोजागी उघाडी असते. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं जादा पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. यंत्र नाही, वीज नाही, फक्त पाण्याचा दाब. मुलांना हे दार दाखवा, ती तिथून हलत नाहीत.

अशा बांधाचा शत्रू मोठी लाट असते असं वाटतं. पण बऱ्याचदा सुरुवात खेकड्याच्या बिळापासून होते. बिळातून पाणी झिरपतं, झिरपणीची धार होते आणि उधाणाच्या एका रात्री बांधाला खांड पडते. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन पुन्हा नीट पिकायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. म्हणून पूर्वी बांधावर रोज कोणीतरी चालायचं. गवताला जाणारी बाई, चिंबोऱ्या धरायला जाणारी पोरं, गुरं वळणारा म्हातारा. कुठे ओल दिसली की घरी येऊन सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून तिथे माती टाकायची. आज आपण जिच्यावरून फिरायला जातो ती पायवाट अशी बांध राखणाऱ्या पायांनी पडलेली आहे.

बांध राखणारे एक आणि पीक नेणारे दुसरे, असंही फार वर्षं चाललं. त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या उत्तरेला, रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यात आहे. तिथल्या खारपट्ट्यात चरी नावाचं गाव आहे. तेव्हा कोकणात खोतीची पद्धत होती. खाजण कुळांनी कसायचं, बांधावर कुळांनी राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आजूबाजूच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं, मैत्रिणींनो! सहा वर्षं घरात स्वतःच्या शेताचं भात नाही. खाडीतली मासळी, लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर लोकांनी दिवस काढले. सहा वर्षं चूल कशी पेटली असेल, हे बाईला वेगळं सांगावं लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये कुळांसाठी कायदा आला आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

त्याच सुमाराला, १९४८ मध्ये, मुंबई राज्याने खार जमिनींसाठी कायदा केला. पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा कायदा केला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणं काढली. हे सगळं चांगलंच झालं. पण बांध हे सरकारी काम ठरल्यावर रोज त्यावर चालणारे पाय कमी झाले. तरणीताठी मुलं मुंबईला गेली, गुरं कमी झाली, गवताला जाणं थांबलं. खेकड्याचं बीळ मात्र पहिल्यासारखंच पडतं. वरून अर्ज करायचा आणि अंदाजपत्रक होईपर्यंत खांड रुंद होत जायची, असं आपण पुष्कळ गावांत पाहतो. म्हणून फेरीच्या वेळी आम्ही मुलांना एक काम देतो. बांधावर ओल किंवा भोक दिसलं की तिथे काठी रोवायची आणि परत आल्यावर ते ग्रामपंचायतीत कळवायचं.

दुसरा टप्पा मिठागरांचा. जानेवारीनंतर गेलात तर पांढरे ढीग लांबूनच दिसू लागतात. मीठ तयार कसं होतं, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी समुद्राजवळ राहूनही पाहिलेलं नसतं. उधाणाच्या भरतीला खारं पाणी एका मोठ्या तळ्यात घेतात. तिथे ते उन्हाने आटतं आणि घट्ट होतं. मग ते पुढच्या तळ्यात आणि शेवटी उथळ वाफ्यांत सोडतात. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घोटून आधीच पक्की केलेली असते, नाहीतर मिठात माती येते. वाफ्यात स्फटिक धरले की लाकडी फळीने मीठ कडेला ओढायचं, निथळू द्यायचं आणि ढीग लावायचा. शेवटी जे कडू पाणी उरतं ते बाहेर सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लिटरच्या बादलीतून पाव किलोहून थोडं जास्त खायचं मीठ निघेल. एक पोतं भरायला किती बादल्या आटवाव्या लागतील, हे गणित मुलांना वाटेतच घाला.

या मिठाने कोकण आणि घाट जोडले होते. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे खालून मीठ भरून घाट चढायचे आणि वरून धान्य घेऊन उतरायचे. घाटावरच्या भाकरीत आपल्या खाडीचं मीठ असायचं.

मग इंग्रज सरकारने मिठावर हात ठेवला. १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करणं आणि विकणं सरकारच्या ताब्यात गेलं. किनाऱ्यावर आपोआप साचलेलं मीठ उचलून घरी नेणं हाही गुन्हा झाला. शिरोड्यापासून गोव्याची हद्द जवळ. तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, पण १८७८ च्या तहाने गोव्यातल्या मिठावरही इंग्रजांनी आपला अंमल बसवला आणि तिथली पुष्कळ मिठागरं बुडाली. तो तह १८९२ मध्ये संपला. १९३० च्या सुमाराला आपल्याकडे मणाला सव्वा रुपया कर होता. मण म्हणजे तेव्हाचा सरकारी मण, सुमारे ३७ किलोचा. आज सव्वा रुपया म्हणजे काहीच नाही. पण मीठ ही अशी वस्तू आहे की गरीब घरात ती कमी लागत नाही. उलट घाम गाळणाऱ्याला आणि भाकरीबरोबर फक्त मिरची-मीठ खाणाऱ्याला ती जास्तच लागते. श्रीमंताला न जाणवणारा हा कर गरिबाच्या चुलीवर बसला होता.

पुढची गोष्ट शाळेत शिकलेली आहे. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून दांडीला पोचले. ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचललं. मैत्रिणींनो, स्वातंत्र्याच्या लढ्यातली ही सगळ्यात गाजलेली घटना म्हणजे समुद्रकिनाऱ्यापर्यंतची पायी फेरीच होती. पण त्या फेरीसाठी निवडलेल्या तुकडीत एकही बाई नव्हती. बायकांनी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शनं करावीत, असं गांधीजींचं म्हणणं होतं. ते बायकांना पटलं नाही. स्वयंपाकघरात मीठ कोण वापरतं? मग मिठाच्या लढ्यात आम्ही का नको? कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हा आग्रह थेट गांधीजींपुढे धरला. मुंबईत चौपाटीवर पहिल्यांदा मीठ करायला ज्या पुढे आल्या त्यांत कमलादेवींबरोबर अवंतिकाबाई गोखले होत्या. अवंतिकाबाईंनी १९१८ मध्येच मुंबईत हिंद महिला समाज काढला होता आणि त्याच वर्षी मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं होतं. मे महिन्यात गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही चालून गेले, तेव्हा त्यांच्या पुढे सरोजिनी नायडू होत्या.

त्याच मे १९३० मध्ये आपल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून लोक या एवढ्याशा गावात आले आणि मिठागरांत उतरले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. ते पुढे ज्ञानपीठ मिळालेले पहिले मराठी लेखक झाले. शिरोड्याचं नाव इतिहासात आहे ते या सत्याग्रहामुळे. पण एक प्रश्न आम्हाला तिथे उभं राहिल्यावर दर वेळी पडतो. बाहेरून आलेली एवढी माणसं भर मे महिन्यात कुठे राहिली? त्यांना पाणी कोणी दिलं, पेज कोणी शिजवली, फुटलेल्या डोक्यांना पट्टी कोणी बांधली? पुढाऱ्यांची नावं पुस्तकांत मिळतात, ही नावं सहसा मिळत नाहीत. तुमच्या गावात कोणा आजीने आपल्या आईकडून काही ऐकलं असेल तर ते आजच लिहून घ्या. पाच-दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

पुढे ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. मिठाच्या प्रदेशातल्या गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मोकळीक मिळाली. मिठावरचा कर मात्र १९४७ मध्येच गेला.

कर गेला, तरी मिठागरं सुखात आहेत असं नाही. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. आयोडीन गरजेचं आहे, गरोदर बाईला आणि वाढत्या मुलांना तर फारच. त्यामुळे रोजच्या जेवणात आयोडीनचं मीठच वापरा, यात शंका नको. पण त्यामुळे लहान मिठागरांचं जाडं मीठ वाणसामानाच्या यादीतून गेलं. ते आता मासळी खारवायला आणि माडांच्या मुळाशी घालायला जातं. मजूर मिळत नाहीत, अवकाळी पाऊस एका दिवसात महिन्याचं काम धुऊन नेतो आणि किनाऱ्यालगतच्या सपाट जमिनीला भाव आलेला आहे. मिठागर एकदा बुजलं की ते परत होत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा टप्पा पुळणीचा. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की वाळूचे उंचवटे लागतात. त्यांच्यावर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिचं नाव मर्यादवेल. आपल्या पूर्वजांनी हे नाव किती विचारपूर्वक ठेवलं आहे बघा. समुद्राची मर्यादा या वेलीपर्यंत. तिची मुळं वाळू धरून ठेवतात, वाऱ्याने उडत आलेली वाळू तिच्या पानांत अडकते आणि उंचवटा वाढत जातो. वादळात लाटांचा पहिला मार हा उंचवटा घेतो आणि मागची विहीर, माड आणि घर वाचतं. त्याच वाळूत पावसाचं गोडं पाणी मुरतं. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरीचं पाणी गोडं कसं, याचं उत्तर इथे आहे.

सुरू मात्र इथला नाही. एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकात, जवळच्या कारवार किनाऱ्यावर सरकारने तो लावला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने त्याची लागवड झाली. त्याने सावली दिली, सरपण दिलं, वारा अडवला. पण त्याच्या पडलेल्या काड्यांचा थर दाट झाला की खाली मर्यादवेल धरत नाही. म्हणून वाळू धरायची असेल तर पुढच्या रांगेत वेलच हवी.

वाळूचे उंचवटे आणि कांदळवनं यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सगळ्यात कडक संरक्षण आहे. किनाऱ्याचे हे नियम पहिल्यांदा १९९१ मध्ये आले. राज्याने २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष काढला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. नियम कागदावर आहेत, पण पहाटे यंत्र लावून उंचवटा सपाट होतो तेव्हा तिथे बघायला अधिकारी नसतो. असली तर मासळी आणायला निघालेली बाई असते. ही वाळू सरकारी नियमाने राखलेली आहे हे तिला माहीत असलं, तर ती चार जणींना सांगेल.

याच पुळणीवर हिवाळ्यात कासविणी अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर कासवं राखली. ती पिल्लं बघायला लोक येऊ लागले, घराघरांतून त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली आणि गावाला उत्पन्न मिळालं. आपल्या वेंगुर्ला तालुक्यातही वायंगणीला कासवांची घरटी राखतात. आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी चालवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. ज्या चिखलात आपण चिंबोऱ्यांसाठी हात घालत होतो, त्याच चिखलाची माहिती सांगून मिळकत होते, हे या मैत्रिणींनी करून दाखवलं आहे. मुळात ही माहिती आपल्याकडे होतीच. तिला मोल आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता कोणाला अशी फेरी काढायची असेल तर चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. भरतीचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मुलांना घेऊन सकाळी जायचं तर तृतीया ते पंचमी धरा, म्हणजे ओहोटी साधारण सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते आणि पुळणीवर मोकळी ओली वाळू चालायला मिळते. हा अंदाज आहे, निघण्याआधी गावातल्या मच्छीमाराला विचारून खात्री करा. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. सात वाजता निघा, दहानंतर ऊन लागतं.

दुसरी गोष्ट पायांची. बांधावर गवतात जनावर असू शकतं, म्हणून चपलेऐवजी बंद बूट घाला आणि पुढच्या बाईच्या हातात काठी असू द्या. बांध सोडून खाजणाच्या चिखलात मुलांना उतरू देऊ नका, पाय मांडीपर्यंत रुततो. खाडीच्या मुखाशी पाण्यात कोणीही जायचं नाही, ओहोटीची ओढ दिसत नाही पण जबर असते.

तिसरी गोष्ट मानाची. मिठागर कोणाचं तरी पोट आहे. आत जाण्याआधी विचारा, वाफ्यात पाय घालू नका, आणि निघताना दोन किलो जाडं मीठ विकत घ्या. लोणच्याला आणि मासळीला ते लागतंच. पुळणीवर जिथे कुंपण किंवा खूण दिसेल तिथे कासवाचं घरटं असतं, लांबून बघा. मर्यादवेल तोडू नका. पाणी प्रत्येकीचं स्वतःचं, आणि प्लास्टिक परत घरी.

चौथी गोष्ट बोलण्याची. फेरीत एखादी तरी म्हातारी बाई असू द्या. मुलांनी तिला विचारायचं, ही उघाडी कोणी बांधली, खांड पडली तेव्हा काय झालं, मीठ कसं आणायचात. एकीने वहीत लिहून घ्यायचं. तारीख, सांगणारीचं नाव, गाव आणि तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत. गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवा. उद्या कोणी अधिकारी किंवा खरेदीदार येऊन म्हणाला की ही जागा पडीक आहे, तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

तुमचं गाव खाडीकाठी नसेल तरी काही बिघडत नाही. तुमच्याकडे तळं असेल, माळ असेल, देवराई असेल. तिच्या कडेची वाट कोणाच्या पायांनी पडली, एवढं येत्या बैठकीत सगळ्या जणींना विचारा आणि काय उत्तरं आली ती आम्हाला कळवा. आमच्याकडची पुढची फेरी पौषातल्या चतुर्थीला आहे.